‘कॉलेज कुठलंही चालेल, पण कॉम्प्युटरच घ्या’ : मेसेज तपासून बघू

इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅपचे (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांचे पसंतीक्रम भरायचे फॉर्म, सुरू झाले की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. आशय असा : ‘कॉलेज कुठलंही चालेल, पण कॉम्प्युटरच घ्या. मेकॅनिकल, सिव्हिल संपलं. कॉलेजात ४० लाखांचं पॅकेज गेलंय. कट-ऑफच सांगतो कशाला किंमत आहे ते. कॅपमध्ये नाही लागलं तर मॅनेजमेंट कोट्यातून घ्या, पहिल्या दोन वर्षांत वसूल.’

कॉम्प्युटर घेण्यात गैर काहीच नाही. आवड असेल आणि कॉलेज धड असेल तर बिनधास्त घ्यावं. मेसेजचा बाकीचा भाग मात्र एकेक करून तपासायला हवा.

‘४० लाखांचं पॅकेज.’ हा एका मुलाचा आकडा. त्यातही जॉइनिंग बोनस एकदाच मिळणारा असतो, कंपनीचे शेअर बहुधा चार वर्षांत थोडेथोडे हातात येतात, आणि कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा हे सगळं सीटीसीत, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण वार्षिक खर्चात, धरलेलं असतं. ‘९५ टक्के प्लेसमेंट’ हा त्याचाच भाऊ. शंभर टक्के कुणाचे धरले ते विचारा. बऱ्याच ठिकाणी बॅकलॉग (राहिलेले विषय) नसलेली, ६० टक्क्यांच्या वरची, प्लेसमेंटला नाव नोंदवलेली मुलंच ‘पात्र’ म्हणून मोजतात. एका मुलाला तीन ऑफर आल्या तर कधी कधी त्या तीन म्हणूनही धरल्या जातात.

त्यापेक्षा कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफची (केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीची) पीडीएफ शोधा. क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला पाठवलेली माहिती साइटवर टाकावी लागते. त्यात चार वर्षांच्या पदवीचा तक्ता असतो : पहिल्या वर्षाला किती मुलं आली, थेट दुसऱ्या वर्षाला किती आली, वेळेत पास किती झाली, नोकरी किती जणांना लागली, पुढे शिकायला किती गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती. मध्यक म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोब्बर मधला. दहा मुलांपैकी नऊ जणांना ३.५ लाख आणि एकाला ४० लाख मिळाले, तर सरासरी निघते ७.१५ लाख, मध्यक राहतो ३.५ लाखच. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. हा मध्यक नोकरी न लागलेल्यांना धरत नाही, आणि तो सगळ्या शाखांचा मिळून असतो. शाखावार यादी ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसात मागायची, कंपनीचं नाव आणि मुलांची संख्या अशी. ‘देतो नंतर’ म्हणाले तर काय ते समजून घ्या.

आणि ‘कुठल्याही’ कॉलेजातून कॉम्प्युटर केल्यावर साधारण कोण येतं? मोठ्या प्रमाणावर भरती करणाऱ्या आयटी कंपन्या. टीसीएसची ‘निंजा’ ही नवख्यांसाठीची ऑफर वर्षाला ३.३६ लाखांच्या आसपासची. तिच्या भरती परीक्षेला मेकॅनिकलवालाही बसतो, इलेक्ट्रिकलवालाही. म्हणजे ज्या नोकरीसाठी चांगलं कॉलेज सोडायला सांगतात, तिला ती शाखा लागतच नाही.

‘मेकॅनिकल, सिव्हिल संपलं.’ यात अर्धं खरं आहे. कोअर, म्हणजे थेट त्या शाखेचंच काम करणाऱ्या, कंपन्यांत सुरुवातीचा पगार कमी, साइटवर ऊन, प्लांटमध्ये शिफ्ट आणि पहिली काही वर्षं वाढ हळू. पण यूपीएससीची इंजिनीअरिंग सर्व्हिसेस परीक्षा फक्त चार शाखांची आहे : सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन. कॉम्प्युटर त्यात नाही. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा विभागाच्या कनिष्ठ अभियंता भरतीत सिव्हिल लागतं. सरकारी कंपन्या ‘गेट’ या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर माणसं घेतात, तिथेही कोअर शाखांच्या जागा असतात. ‘गेट’ तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात. कोडिंगची हौस असेल तर बऱ्याच कॉलेजांत १८ ते २० जादा क्रेडिटची मायनर पदवी (मुख्य शाखेसोबत दुसऱ्या विषयाची जोड) असते. पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय अशा जुन्या नावाजलेल्या कॉलेजचं मेकॅनिकल सोडून कालपरवा निघालेल्या कॉलेजचं कॉम्प्युटर घेणं हा आमच्या मते सरळ तोट्याचा सौदा.

‘कट-ऑफच सांगतो.’ कट-ऑफ, म्हणजे शेवटच्या प्रवेशाचे गुण, सांगतो गेल्या वर्षीची गर्दी. आज प्रवेश घेणारा चार वर्षांनी बाजारात उतरतो. २०२१-२२ मध्ये एकट्या टीसीएसने सुमारे १ लाख फ्रेशर (नुकतेच पास झालेले) घेतले. २०२३-२४ अखेर त्याच कंपनीची कर्मचारीसंख्या १३,२४९ ने घटली होती. त्यात २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेने) चांगल्या कॉलेजांसाठी जागांवरची कमाल मर्यादा उठवली, आणि वाढ झाली ती मुख्यतः कॉम्प्युटर आणि एआयच्या जागांत. जागा वाढल्या म्हणजे शिक्षक वाढले असं नाही. वर्षाला ३०० जागा म्हणजे चार वर्षांची १,२०० मुलं. २० मुलांमागे एक शिक्षक या प्रमाणाने ६० शिक्षक हवेत. विभागाच्या पानावर नावं मोजा. शिवाय दर्जा तपासणाऱ्या संस्थांपैकी एनबीएचं मानांकन शाखेला मिळतं, नॅकचं कॉलेजला. गेटवर ‘नॅक ए’ लिहिलंय म्हणून नवी एआय शाखा मानांकित ठरत नाही.

‘मॅनेजमेंट कोट्यातून घ्या.’ मेसेजमधलं सगळ्यात महाग वाक्य हेच. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतली ५० टक्के शिक्षण शुल्काची सवलत कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून मिळणारी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफीही तशीच. कोट्यातून गेलात की दोन्ही गेलं. आता हिशेब करा : ६ लाखांचं कर्ज, १०.५ टक्के व्याज, सात वर्षांची फेड, तर हप्ता साधारण १०,१०० रुपये. शिकत असतानाचं व्याज वेगळंच. ३.३६ लाखांचे महिना २८,००० होतात, त्यातून कापाकापी होऊन हातात येतं त्याहून कमी. दोन वर्षांत वसूल कुठून होणार?

राहिला ऑप्शन फॉर्म. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तोच पक्का, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही लागला तरी तसंच. त्यामुळे ‘बघू तर काय होतंय’ म्हणून नको असलेलं कॉम्प्युटर वर टाकू नका. यंदाची माहिती पुस्तिका आधी वाचा, नियम बदलत असतात. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शेवटी ‘टी’ असलेले टीएफडब्ल्यूएसचे (शिक्षण शुल्क माफ असलेल्या जागांचे) चॉइस कोड वेगळे भरावे लागतात. ते आपोआप धरले जात नाहीत, आणि त्याच कॉलेजच्या त्याच शाखेच्या साध्या कोडच्या वरती लिहायचे.