छज्ज्याची सळी वर की खाली?

दापोलीच्या नाक्यावरच्या टपरीमागे चिऱ्याचा एक जुना पार आहे. संध्याकाळी तिथे बसणारे निम्मे लोक या ना त्या वाटेने बांधकामावरच पोट भरतात: एक ठेकेदार, एक गवंडी (सगळ्यांचा मिस्त्री), एक वायरमन, आयटीआयत शिकवणारे सर आणि बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले अण्णा. परवा ठेकेदाराने तोंड उघडलं आणि दोन चहा होईपर्यंत कोणी उठलं नाही.

त्याला एका मोठ्या कंपनीचा पोटठेका मिळायचा आहे. कंपनीने विचारलंय, तुमचे गवंडी, फिटर (सळी बांधणारे), सेंटरिंगवाले (काँक्रीटचा साचा उभारणारे) प्रमाणित आहेत का?

"आहेत की," ठेकेदार म्हणाला. "सगळ्यांची कार्डं आहेत."

"कुठली कार्डं?" अण्णा.

"बांधकाम कामगार मंडळाची."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "अरे, ते कार्ड कसबाचं नव्हे. १९९६च्या कायद्याने सुरू झालेलं ते. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला, की झाली नोंदणी. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेतात, त्यातून या लोकांना योजना मिळतात. ते मिळालंच पाहिजे. पण त्या कार्डावर काल आलेला बिगारी आणि तीस वर्षं थापी धरलेला गवंडी यांत काडीचा फरक नाही."

"मग कसबाचा कागद कुठे मिळतो?"

इथे सरांची बारी आली. रस्ते दोन. पोरगा नवीन असेल तर आयटीआयचा एक वर्षाचा गवंडीचा ट्रेड. आणि जो काम करतच आलाय, पण शाळेचा कागद नाही, त्याच्यासाठी आरपीएल, म्हणजे आधीच अंगात असलेल्या कौशल्याला मान्यता. २०१३ साली कौशल्याची राष्ट्रीय चौकट आली, तिने कामांना पातळ्या दिल्या: हाताखालचा माणूस खालच्या पातळीवर, स्वतंत्र काम करणारा गवंडी, सळी बांधणारा, सेंटरिंगचा सुतार त्याच्या वर. २०१५ला पंतप्रधान कौशल्य विकास योजना आली, तिच्यात आरपीएल बसवलं. बांधकामाच्या कौशल्य परिषदेचा अभ्यासक्रम, तिसऱ्याच संस्थेचा परीक्षक, थोडे लेखी प्रश्न, थोडं प्रत्यक्ष काम, थोडी तोंडी.

"आणि शिकवणी किती?" मिस्त्रीने विचारलं.

"योजनेच्या दुसऱ्या आवृत्तीत ओळखवर्ग १२ तासांचा होता. त्यातलेही सहाच तास कामाचे. बाकी वागणूक, सुरक्षा आणि परीक्षा कशी द्यायची ते."

"बारा तासांत गवंडी?" मिस्त्री हसला. "बारा तासांत मी पोराला ओळंबा धरायला शिकवत नाय."

सर वैतागले. त्यांचं म्हणणं, हाच गैरसमज सगळीकडे आहे. आरपीएल शिकवायला नाहीच, मोजायला आहे. ज्याला येतं त्याचा कागद व्हावा, एवढंच. न येणारा बारा तास बसून पास होत असेल, तर दोष वर्गाचा नाही, परीक्षकाचा. एका दिवसात चाळीस-पन्नास माणसं उरकायची म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला थापी फिरवतानाच्या फोटोपलीकडे काय येणार?

पण मिस्त्रीचा खरा राग दुसराच होता. परीक्षा देशभर एक. वीट, ब्लॉक, प्लास्टर, सगळं त्यात आहे, आणि आपल्याकडे भिंत असते जांभ्याच्या चिऱ्याची. चिरा खाणीतून ओला निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर कडक होतो. तसाच ओला भिंतीत बसवून वर लगेच गिलावा चढवला, तर गिलावा तडकतो. उलट उन्हात महिनाभर पडलेला चिरा न भिजवता लावला की तो मालातलं पाणी ओढून घेतो, सिमेंट सेट व्हायच्या आत सांध्याची भुकटी. चिऱ्यात मातीने भरलेली भोकं असतात. हातोडी मारली की चांगला चिरा खणखणतो, मातीचा दबका बोलतो. तो दर्शनी कोपऱ्यात गेला की दोन पावसाळ्यांत माती वाहून जाते आणि मागे घळ राहते. "हे तुमच्या परीक्षेत कोण विचारतो, सर?"

"नाही विचारत," सर म्हणाले. "विचारायला हवं."

अण्णांना मात्र चिऱ्याचं एवढं कौतुक पटलं नाही. चिऱ्याची भिंत वाकडी झाली तर ओळंब्याला दिसते, शेजाऱ्यालाही दिसते. विटेच्या कामात दर ३ मीटर उंचीला ६ मिलिमीटरपर्यंत झुकाव चालतो. चिऱ्यात घडाईप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल, पण डोळ्यांसमोर होईल. परीक्षा घ्यायची तर झाकलं जातं त्याची घ्या, असं त्यांचं म्हणणं.

"सळी," ते म्हणाले. "मुरूड-हर्णैच्या किनाऱ्यावर घर बांधतोयस. स्लॅबला कव्हर, म्हणजे सळीबाहेरचं काँक्रीट, किती?"

ठेकेदार: "वीस. कायम वीसच."

"वीस हे कोरड्या, सौम्य हवेचं माप. आयएस ४५६, २००० सालचं मानक, त्यात तक्ता आहे. किनाऱ्याच्या हवेला उघडं काँक्रीट 'तीव्र' गटात जातं: कव्हर ४५ मिलिमीटर, काँक्रीट एम-३० ताकदीचं, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५च्या वर नाही, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट. लाटेचे तुषार थेट बसत असतील तर कव्हर ५० आणि एम-३५. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या भागालासुद्धा ३०. क्षार काँक्रीटमधून हळूहळू आत झिरपतो. कव्हर दुप्पट केलं की सळीपर्यंत पोचायला त्याला ढोबळमानाने चौपट वेळ लागतो. म्हणून वीस आणि पंचेचाळीस हा नुसता इंचभराचा फरक नव्हे. सळी गंजली की गंज फुगतो, खालचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं, मग मालक म्हणतो सिमेंट खराब होतं."

"पण अण्णा, वीसच्या नकाशात सळीखाली टेकू म्हणून पंचेचाळीसचे ब्लॉक घातले तर ती स्लॅबच्या मधोमध येईल."

"येईलच! मग जाडी वाढवायची. ते इंजिनियरने आधी नकाशात करायचं असतं. तुझ्या फिटरला एवढंच कळायला हवं की नकाशावर कव्हरचा आकडा नसेल तर काम थांबवून विचारायचं. असा प्रश्न त्या लेखी परीक्षेत हवा."

मग पाण्यावर आले. ०.४५ म्हणजे ५० किलोच्या एका गोणीला साडेबावीस लिटर, त्यात वाळूची ओलही धरायची. गोणीमागे ८० किलो वाळू धरली आणि तिच्यात ५ टक्के ओल असली, की ४ लिटर पाणी आधीच आलेलं असतं. मिक्सरवरचा माणूस ते मोजत नाही, माल घमेल्यातून घळाघळा पडेपर्यंत बादली ओततो. त्यात ओली वाळू फुगते. मिस्त्रीला हे ठाऊक होतं, त्याने सरळ भांड्याची रीत सांगितली: काचेच्या बरणीत २० सेंटिमीटर ओली वाळू भरायची, पाण्यात पूर्ण बुडवून ढवळायची, बसली की उंची बघायची. १६वर आली तर फुगवटा २५ टक्के. म्हणजे तुम्ही चार घमेली वाळू मोजलीत खरी, पण पोटात तीन आणि थोडी वरच गेली.

"आणि खाडीची वाळू?" वायरमनने टोचलं.

सगळ्यांनी ठेकेदाराकडे बघितलं. तो म्हणाला, धुऊन घेतो. अण्णा म्हणाले, कशाने धुतोस? मे महिन्यात किनाऱ्यावरची विहीर मचूळ होते. सळीच्या काँक्रीटला पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. मचूळ पाण्याने खारट वाळू धुणं म्हणजे चिखलाने पाय धुणं.

इथवर वायरमन ऐकत होता. मग म्हणाला, "माझ्या धंद्यात कागद लागतो. परवानाधारक ठेकेदाराने टेस्ट रिपोर्ट दिल्याशिवाय महावितरण मीटर देत नाही. मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, ५०० व्होल्टचा लावतो, एक मेगओहमच्या खाली आलं तर वायरिंग नापास. दिव्याला परवाना आणि डोक्यावरच्या स्लॅबला नाही, हे कसं?"

"आणि तुझ्या धंद्यात रिपोर्टवर सह्या विकत मिळतात की नाही?" ठेकेदाराने लगेच पकडलं. वायरमन गप्प झाला, मग म्हणाला, "मिळतात. पण वाद झाला तर सही कोणाची ते सापडतं. तुझ्या स्लॅबखाली कोणाची सही आहे?"

याला उत्तर नव्हतं. अण्णांनी जोड दिली: वायरिंगचं पोट मेगर भिंत न फोडता सांगतो. स्लॅबलाही कव्हर मोजायचं यंत्र असतं, पण ते बोलेपर्यंत काँक्रीट बसलेलं असतं. म्हणून तपासणी ओतायच्या आधीच्या तासाभरात व्हायला हवी, आणि माणसाची परीक्षाही त्याच तासाची.

मग पारावरच परीक्षा तयार झाली. सरांनी तंबाखूच्या पुडीच्या कागदावर लिहून घेतली, पण क्रम वगैरे काही नव्हता, ज्याला जे सुचेल ते. फिटरला एक बीम आणि एक छज्जा बांधायला द्यायचा. सळ्यांभोवतीच्या रिंगेचे आकडे, म्हणजे वळवलेली टोकं, १३५ अंशांत आत वळलेत की नुसते काटकोनात, ते बघायचं. काटकोनातला आकडा भूकंपात कव्हर सुटलं की उघडतो आणि रिंग सळ्यांना धरून ठेवत नाही. कोयना इथून काही फार लांब नाही, आणि ११ डिसेंबर १९६७ विसरायची गोष्ट नाही. सळ्यांचे सगळे जोड एकाच जागी आले की कटाप. छज्ज्याची मुख्य सळी वर की खाली, हे न बोलता बांधून दाखवायचं.

"वर," मिस्त्री म्हणाला. "पण बांधताना वर असते, ओतताना खाली जाते."

हा मुद्दा अण्णांना फार आवडला. १२५ मिलिमीटर जाडीचा छज्जा, वरून ४५ कव्हर, म्हणजे सळी तळापासून साधारण ७५वर. घमेली घेऊन पोरं तिच्यावरून चालली, घोड्या, म्हणजे सळी वर उचलून धरणारे आधार, घातलेल्या नाहीत, सळी ४०वर आली, की छज्ज्याची ताकद जवळपास निम्मी. टेके काढताना पडणारे छज्जे पुष्कळदा असेच पडतात. तेव्हा परीक्षेत छज्जा बांधून झाल्यावर परीक्षकाने स्वतः त्यावर पाय देऊन बघावं. सरांनी हेही लिहून घेतलं.

सेंटरिंगवाल्याला एकच प्रश्न, टेके कधी काढायचे? साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे ७ दिवसांनी, त्यापुढच्या गाळ्याचे १४. बीम ६ मीटरपर्यंत १४, त्यावर २१. फळ्या ३ दिवसांनी काढता येतात, पण टेके लगेच परत लावायचे. ही मापं साध्या सिमेंटची. आपल्याकडे दुकानात बहुतेक राखमिश्रित पीपीसी मिळतं, ते हळू पकडतं, म्हणून वाट जास्त बघायची. ठेकेदार इथे अस्वस्थ झाला, कारण त्याची सेंटरिंगची फळी भाड्याची.

"आणि ही परीक्षा द्यायची कोणत्या भाषेत?" मिस्त्रीने विचारलं. चिरेखाणीवर कर्नाटकातली माणसं, फिटर बिहारचे, सेंटरिंगवाले यूपीचे. हाताने उत्तम असलेला माणूस लेखी प्रश्नाशीच अडतो. सरांचं मत, प्रश्न चित्रांत द्या: चार छज्ज्यांची चार चित्रं, बरोबर त्यावर बोट ठेव. वायरमन म्हणाला, मग पुढच्या महिन्यात कुठल्या चित्रावर बोट ठेवायचं ते पाठ करून येतील. सर म्हणाले, येऊ देत, निदान एवढं तरी पाठ होईल.

पैशाचा विषय निघाला तेव्हा सूर जरा चढला. ठेकेदाराने स्पष्ट सांगितलं, कागद असलेल्याची आणि नसलेल्याची हजेरी त्याच्याकडे एकच आहे. कागदवाला जास्त मागेल, तर तो बिनकागदाचा घेईल. मिस्त्री म्हणाला, "मग माणूस दिवसाची हजेरी बुडवून परीक्षेला बसेल कशाला?" सरांकडे याचं उत्तर नव्हतं, आणि त्यांनी ते मान्यही केलं. अण्णांचा तोडगा असा की सगळ्यांना कागद मागूच नका. साइटवर तीन माणसं कागदवाली हवीत: सळी तपासणारा, मिक्सरवर पाणी धरणारा आणि टेके काढायला सांगणारा. त्या तिघांची नावं स्लॅबच्या दिवशी वहीत, सहीसकट. त्या तिघांनाच जास्त हजेरी. बाकीच्यांचं हळूहळू बघू.

"पाणी धरणाऱ्याला जास्त हजेरी?" ठेकेदाराला हसू आलं. "ते काम मी सगळ्यात नव्या पोराला देतो."

"म्हणूनच तर," अण्णा म्हणाले.

ठेकेदार थोडा वेळ काही बोलला नाही. मग हळूच विचारलं, "अण्णा, सोमवारी मुरूडचा स्लॅब आहे. साठ चौरस मीटर. नकाशात कव्हर पंचेचाळीसच लिहिलंय, मी आत्ता आठवून बघितलं. पण दुकानात वीस आणि पंचवीसचेच ब्लॉक आहेत."

"चिऱ्याचे तुकडे लावू नकोस," मिस्त्री म्हणाला. "पाणी पितात ते, सळीला ओल तिथूनच लागते. घरी पाड. फळीवर प्लॅस्टिक अंथर, कडेला पंचेचाळीसच्या पट्ट्या. एक सिमेंट, दीड वाळू, बारीक ग्रिट, पाणी कमी, ठोकून भर. आंबट-ओलं असताना दोन इंचांचे चौकोन काप, प्रत्येकात बांधणीच्या तारेचे दोन टोक खोच. मीटरभर अंतराने एक धरला तर सत्तर-ऐंशी पुरतील, थोडे फुटणार म्हणून शंभर पाड. मग पाण्यात."

"किती दिवस?"

"सिमेंट पीपीसी ना? दहा."

"दहा? अहो, मिक्सर सांगून ठेवलाय."

"मग त्याला आत्ताच फोन कर," अण्णा म्हणाले. "रात्री उशिरा केलास की तो पैसे मागेल."