चादर ठेवायची कुठं?

सोलापूरच्या नवी पेठेत माझं चादरींचं दुकान आहे. नोव्हेंबर सरत आला की फोन सुरू होतात. "अण्णा, वाटायला शंभर चादरी पाहिजेत, जरा रेट बघून लावा." कुणाचा वाढदिवस, कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध, कुठलं मंडळ. मी वाटपाचा माल वेगळा काढून ठेवतो. हो, वाटपाची चादर वेगळी असते. वजनाला हलकी, दोन धुण्यांत रंग उतरणारी. गिऱ्हाईक विचारत नाही, मी सांगत नाही. म्हणजे या पुण्यकर्मात माझेही चार पैसे आहेत, ते आधीच कबूल करून टाकतो.

मागच्या फेब्रुवारीत पाव्हण्यांना पहाटेच्या गाडीला सोडायला स्टेशनवर गेलो होतो. बाहेर एक बाई दोन पोरांना कुशीत घेऊन पोत्यावर बसलेली. अंगावर साडीचा पदर, बस्स. राहवलं नाही म्हणून विचारलं, "अक्का, यंदा चादर मिळाली नाही का?"

"तीन मिळाल्या की अण्णा. ठेवू कुठं? दिवसभर डोक्यावर घेऊन हिंडू?"

मला काही बोलताच येईना. तीस वर्षं चादरी विकतोय, पण चादरीला घडी घालून ठेवायला एक कोपरा लागतो, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग तीच बोलत राहिली. नवरा यंत्रमागावर होता. तो गेला, भाडं थकलं, मालकानं खोली रिकामी करायला लावली. ती स्वतः विड्या वळायची. "खोली गेली, तशी विडीपण गेली." सोलापूरकरांना हे फोडून सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. इथं विडी घरात वळतात. कारखान्यातून पान, तंबाखू, सूत आणायचं. पान भिजवायचं, ओल्या फडक्यात ठेवायचं, कापायचं, वळायचं आणि मोजून नेऊन द्यायचं. पावसात, धुळीत, फुटपाथवर हे होत नाही. "काम का करत नाहीत हे लोक?" असं विचारणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की या बाईचं घर हाच तिचा कारखाना होता.

तर मुद्दा असा, की अशा बेघरांचं बघायचं कुणी?

नातेवाइकांनी, असं एक उत्तर येतं. म्हाताऱ्या आईबापांपुरतं ते खरंही आहे, त्यासाठी २००७ चा कायदा आहे. पण अख्खं कुटुंबच रस्त्यावर आलं, तर कोणत्या नातेवाइकाच्या नावानं ओरडायचं? दहा बाय बारात सहा जण राहणाऱ्या दिराच्या?

दुसरं उत्तर दानशूर लोकांनी. आता आपला जिल्हा दानात कमी नाही. अक्कलकोटच्या अन्नछत्रात रोज हजारोंच्या पंगती उठतात. गावात कुणाचं ना कुणाचं काहीतरी सुरूच असतं. पोटाला मिळतं हो, पाठ टेकायला मिळत नाही. शिवाय दानाला हंगाम असतो. डिसेंबरात चादरी. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, तेव्हा तान्ह्या पोराला घेऊन भर दुपारी कुठं बसायचं? त्याचा फोटो चांगला येत नाही बहुतेक.

आणि मी उद्या चादरी दिल्याच नाहीत तर? मला कोण विचारणार? कुणीच नाही. मन झालं तर देईन. म्हणूनच मी म्हणतो, जबाबदारी त्याच्यावर टाका, ज्याला जाब विचारता येतो. ती म्हणजे महापालिका. पैशाचं ओझं तिच्या एकटीवर नको. याआधी केंद्र आणि राज्य दोघांचाही वाटा होता. शहरी बेघरांसाठी निवारा हा भाग केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात २०१३ पासून होता, ते अभियान २०२४ मध्ये संपलं. त्यातला नियम असा होता: एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, बारा महिने, चोवीस तास उघडा. कुटुंबांसाठी वेगळ्या निवाऱ्याचीही तरतूद होती. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं. करा हिशोब. गेल्या महिन्यात दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला विचारत होतो, शहरातला एक निवारा सांगा. एकालाही पत्ता सांगता आला नाही. मलाही आला नसता.

कुटुंबांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. दहा वर्षांचं पोरगं बायकांच्या निवाऱ्यात चालत नाही, पुरुषांच्या निवाऱ्यात बापासोबत आईला राहता येत नाही, असं असेल तर कोण जाईल तिथं? मग आपणच म्हणतो, "यांना रस्त्यावरच आवडतं."

कुणी रे नगरचा दाखला देईल. द्यावाच. सोलापूरजवळच्या कुंभारीत कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत, त्यातल्या १५ हजारांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. सरकारी अनुदान, कामगारांची संघटना आणि कामगारांचे स्वतःचे पैसे एकत्र आले, म्हणून ते उभं राहिलं. छाती फुगते बघून. पण त्या रांगेत उभं राहायला कागद लागतात, हप्ता लागतो, पाठीशी संघटना लागते. स्टेशनवरच्या अक्काकडे यातलं काय आहे? तिला आधी सहा महिने टेकायला जागा पाहिजे. तिथून रेशनकार्ड, पोरांची शाळा, पुन्हा विडी. घराचं नंतर.

"बाहेरचे लोक आहेत ते," असं कमेंटमध्ये कुणी लिहिणार असेल तर आधीच सांगतो, आमचे पणजोबा तेलंगणातून माग घेऊन आले. शहराच्या पूर्व भागातल्या निम्म्या घरांची हीच कथा आहे.

परवा एका मंडळाचा फोन आला, जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आधी शंभर चादरी पाहिजेत. मी म्हटलं, देतो, रेटही कमी करतो. फक्त एक अर्ज लिहून ठेवलाय, आपल्या भागात कुटुंबांसाठी निवारा करा म्हणून. त्यावर चादरी वाटणाऱ्या पोरांच्या सह्या आणा.

"चादरींचं पक्कं धरा अण्णा. सह्यांचं अध्यक्षांना विचारून सांगतो."

अजून फोन आलेला नाही.