पावसाखालची वाक्यं आपली आपण लिहा

२,९९९ रुपये. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्या पोरीची ही जवळपास महिन्याची मेस. माझ्या भाचीनं एवढे पैसे एका 'सबलिमिनल' ऑडिओ फाईलसाठी भरले. झोपताना लावायची, आत पावसाच्या आवाजाखाली लपवलेली वाक्यं, एकवीस दिवसांत आत्मविश्वास. आज सकाळी तिचा फोन. "मावशी, एकवीस दिवस झाले गं. काहीच फरक नाही. माझ्यातच काही कमी आहे का?"

पैसे गेले त्याचं एवढं नाही. पण तिच्या या शेवटच्या प्रश्नानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फाईल मागवून घेतली आणि ऐकली. पाऊस, लांबवर बासरी, बाकी काही नाही. आत कोणती वाक्यं आहेत असं तिनं विकणाऱ्याला विचारलं होतं. उत्तर आलं, ते तुझ्या अवचेतन मनाला कळतं, तू विचार करत बसलीस की परिणाम जातो. म्हणजे कोण कुठला माणूस रात्रभर आमच्या पोरीच्या कानात काहीतरी पुटपुटणार आणि काय पुटपुटतोस हे तिनं विचारायचंही नाही? असा माणूस दारात आला असता तर आपण त्याला उंबरा ओलांडू दिला असता का?

ही चीड कुठून येते ते माझ्या जवळच्यांना माहीत आहे. इतरांसाठी सांगते. २०१७ च्या पावसाळ्यात साताऱ्यात पोवई नाक्यावर माझी स्कूटी घसरली. मनगटात प्लेट बसली, तीन महिन्यांत हात बरा झाला. मी मात्र बरी झाले नाही. किल्ली हातात घेतली की तळव्याला घाम फुटायचा. दीड वर्ष बँकेत रिक्षानं गेले. तेव्हा पुतण्यानं लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे आवाज जोडण्या-जुळवण्याचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, ते फुकट मिळतं, आणि म्हणाला, काकू, धीराची वाक्यं पावसाखाली घालून फाईल करा, तुमच्याच आवाजात करा.

पहिलं वाक्य मी बोलले ते "मी घाबरत नाही." चार रात्री ऐकलं. प्रत्येक वेळी आतून उत्तर यायचं, घाबरतेस की! उलट भीती वाढली. मनाला जे पटत नाही ते त्याच्यावर लादलं की ते दुप्पट जोरानं परत येतं. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली नेमकं हेच दाखवून दिलं होतं, की ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटतं त्यांच्याकडून "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असं घोकून घेतलं तर त्यांना आणखी वाईट वाटतं. मला ते पुष्कळ नंतर वाचायला मिळालं. मी ते चार रात्रींत सोसून शिकले होते.

मग एका रविवारी वही घेऊन बसले. पहिल्यांदा गाडी शिकताना बाबा मागे बसून काय म्हणायचे ते आठवत गेले. "सावकाश. ब्रेक तुझ्या हातात आहे. घाई त्यांना आहे, तुला नाही." हेच लिहिलं. खोलीत आवाज घुमत होता म्हणून डोक्यावरून गोधडी घेतली आणि फोनवर रेकॉर्ड केलं. आपला रेकॉर्ड केलेला आवाज आपल्याला परका वाटतो, कारण एरवी तो आपल्याला डोक्याच्या हाडांतूनही ऐकू येत असतो. मला तो आवाज ऐकून रडू आलं. मागे कुकरची एक शिट्टीही आली होती. ती मी काढली नाही. माझ्या घराचाच आवाज तो.

पाऊससुद्धा विकत घेतला नाही. मागच्या पडवीच्या पत्र्यावर साताऱ्याचा जुलैचा पाऊस वाजतो, तोच दहा मिनिटं रेकॉर्ड केला. ऑडॅसिटीत एका पट्टीवर पाऊस, खाली दुसऱ्या पट्टीवर आवाज. आवाजाच्या पट्टीची डावीकडची सरकपट्टी खाली खाली आणायची. कान देऊन ऐकलं तर शब्द लागतील आणि दुसरं काम करत असताना नुसता पाऊस वाटेल, इथं थांबायचं. एमपीथ्री करून फोनवर घ्यायचं. तासाभराचं काम आहे हो!

आता कुणीतरी कॉमेंटमध्ये लिहिणारच, की हे सगळं थोतांड आहे. १९५७ साली जेम्स व्हिकरी नावाच्या अमेरिकन बाजार-संशोधकानं न्यू जर्सीच्या थिएटरात पडद्यावर न दिसणाऱ्या जाहिराती दाखवून पॉपकॉर्न खपवल्याची बतावणी केली आणि पाच वर्षांनी स्वतःच कबुली दिली, हे मला ठाऊक आहे. १९९१ च्या प्रयोगात सबलिमिनल कॅसेटची लेबलं अदलाबदल केली, तेव्हा लोकांना आतल्या मजकुरानं नाही तर वरच्या लेबलानं फरक पडल्यासारखं वाटलं, तेही वाचलंय. बरं, मान्य. अजिबात ऐकू न येणारं वाक्य काही करत नाही. म्हणूनच माझं ऐकू येतं. मग त्याला सबलिमिनल म्हणता येत नसेल तर नका म्हणू, माझं काही अडत नाही.

पण मग विकणाऱ्यांनी सांगावं ना, ते काय विकतात? कान देऊनही लागत नाही असं वाक्य, ते आत आहे की नाही कुणी तपासायचं? आणि फरक पडला नाही की खापर ऐकणाऱ्याच्या डोक्यावर, तुझीच श्रद्धा कमी पडली! दोन प्रिलिम हुकलेल्या, अभ्यासिकेत बारा बारा तास बसणाऱ्या, घरी फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्या पोरांना हे सांगता?

जाऊ दे. लिहिता लिहिता हात थरथरायला लागला, तोच प्लेटवाला.

दुपारी तिला परत फोन केला. म्हटलं, वही घे. तिनं पहिलं वाक्य वाचून दाखवलं, "मी क्लास वन अधिकारी आहे." विचारलं, तुला खरं वाटतं का आत्ता? बराच वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, नाही. म्हटलं, मग खोड. आज काय खरं आहे? म्हणाली, "आज पंचायत राजचं प्रकरण संपवलं." हे लिही. अजून? "मला इतिहास आवडतो." हेही. अजून? "आई रागावलेली नाहीये माझ्यावर." हे म्हणताना तिचा आवाज फुटला. माझाही.

मी फाईल ऐकायला सुरुवात केल्यावर अकराव्या दिवशी गाडी फाटकाबाहेर काढली होती. नाक्यापर्यंत नाही, कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत. नाक्यावर जायला पुढे दोन महिने लागले. हेही तिला सांगितलं, कारण एकवीस दिवसांचा हिशोब तिच्या डोक्यातून काढायचा होता. आणि कानात बोंडं घालून झोपू नकोस, उशाशी हळू आवाजात लाव, दिवा मालवला की दहा मिनिटं पुरे.

माझा पत्र्यावरचा पाऊस तिला व्हॉट्सॲपवर पाठवला. आत्ता नऊ वाजता तिचं रेकॉर्डिंग आलंय. गोधडी नव्हती म्हणून रजईत बसून केलंय. मागे रूमवरचा पंखा करकरतोय, आणि तिसऱ्या वाक्याला ती जरा थांबलीय. तो थांबा तसाच ठेव म्हणून कळवलंय.