दुरून पाठिंबे साजरे

समलिंगी विवाहाच्या हक्कासाठी आपणही काहीतरी करावं, असं तुम्हाला वाटू लागलंय? उत्तम. आधी पोहे मागवा. इंदूरमध्ये उपाशीपोटी कुठलीही क्रांती सुरू होत नाही, आणि पोह्यांवर शेव-जीरावण पडलं की बरीचशी तिथेच आटोपते, असा आमचा अनुभव आहे. आमचा म्हणजे रामबागेतल्या सात-आठ निवृत्त, वाचनाची आवड असलेल्या, पुरोगामी मराठी माणसांच्या कट्ट्याचा. आम्ही या चळवळीत २०१५ पासून आहोत आणि अजून कुणालाही साधं खरचटलेलं नाही. त्यामुळे सल्ला द्यायचा अधिकार आमचाच.

सुरुवात लांबून करावी. डब्लिन ही त्यासाठी फार सोयीची जागा आहे. २२ मे २०१५ रोजी आयर्लंडने थेट सार्वमत घेतलं आणि ६२ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला. सार्वमताने हा हक्क देणारा जगातला तो पहिला देश. तिथले कार्यकर्ते घरोघर फिरले, दारं वाजवली, अनोळखी माणसांना उंबऱ्यात उभं राहून स्वतःची गोष्ट सांगितली. तरुण पोरांनी आपापल्या आजीला फोन करून मत मागितलं. हे वाचून दाखवताना आमच्या एका सदस्याचा गळा दाटून आला होता. (आजीला फोन करण्याचा प्रकार आपल्याकडे मात्र करू नका. आजी उचलेल.)

शिवाय आयर्लंडमध्ये आपले वरदकर! लिओ वरदकरांचे वडील मुंबईचे डॉक्टर, घराण्याचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. सार्वमताच्या आधी, जानेवारी २०१५ मध्ये, मंत्री असताना त्यांनी रेडिओवर सांगितलं की मी समलिंगी आहे, आणि २०१७ साली ते पंतप्रधान झाले. त्या दिवशी कट्ट्यावर पेढे वाटले गेले. मराठी माणूस कुठल्या कुठे पोचला म्हणून आम्ही अख्ख्या गल्लीला थांबवून सांगितलं. त्यांचे जोडीदारही पुरुष आहेत आणि तेही डॉक्टर आहेत, ही माहिती पेढ्याबरोबर दिली नाही. समोर बायका होत्या.

डब्लिन पचलं की दिल्लीकडे या. दिल्ली जरा जवळ आहे, पण अजून धोका नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञानांचे खासगीतले, संमतीचे संबंध वगळले. याविषयी बोलताना हे १८६० सालचं, इंग्रजांनी लादलेलं कलम होतं, एवढं वाक्य पुरतं. इंग्रजांना दोष दिला की आपल्यातलं कुणी दुखावत नाही. दीडशे वर्षांत आपण ते किती मायेने सांभाळलं, तो विषय काढू नये.

२०२३ ची, समलिंगी विवाहाच्या हक्काची सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी आम्ही मोबाइलवर पाहिली. १८ एप्रिल ते ११ मे, दहा दिवस. आंब्यांचे दिवस होते, मजा आली. मागणी तशी साधी होती: १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात जिथे पुरुष आणि स्त्री असं म्हटलंय, तिथे व्यक्ती असं वाचा, म्हणजे समलिंगी जोडप्यांनाही लग्न नोंदवता येईल. त्यावर सरकारचं म्हणणं पडलं की हे शहरी उच्चभ्रूंचं खूळ आहे. खरं सांगतो, आम्हाला आतून बरं वाटलं. कट्ट्यावरच्या एकालाही तोवर कुणी उच्चभ्रू म्हटलं नव्हतं.

राज्यांनाही विचारलं गेलं. राजस्थान, आंध्र आणि आसाम यांनी सरळ नाही म्हटलं. महाराष्ट्राने वेळ मागितला. अमराठी मित्रांना यात आशा दिसली. आपल्याला दिसायला नको. मुलगी बघून, पोहे संपवून, चपला घालता घालता ‘कळवतो’ म्हणणारा वरपिता आपण ओळखतो.

त्याच सुमारास वकिलांच्या बार कौन्सिलने ठराव केला की देशातले ९९.९ टक्क्यांहून अधिक लोक या विवाहांच्या विरोधात आहेत. ही मोजणी कधी झाली, कुणी केली, असले प्रश्न चळवळीच्या माणसाने विचारू नयेत. जनगणनासुद्धा २०११ नंतर झालेली नव्हती, पण हे मोजून झालं होतं. मी सवयीने (बँकेत होतो) हिशेब केला. एकशेचाळीस कोटींचा एक दशांश टक्का म्हणजे चौदा लाख. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, राजवाड्याला उभं राहिलेल्या माणसाला लाखांची गर्दी म्हणजे काय ते कळतं. तेवढ्यांनाही आपण उरलेले, बाकीचे, किरकोळ म्हणू शकतो, हे दशांश चिन्हाचं सामर्थ्य.

निकाल १७ ऑक्टोबर २०२३ ला लागला. लग्न करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. निदान सहजीवनाला कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर तिघे नाही म्हणाले, दोघे हो. पुढचं संसदेने बघावं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. हक्क मागणाऱ्यांचं यात काय झालं ते झालं, पण पाठिंबा देणाऱ्यांची केवढी सोय झाली! आता कुणी विचारलं की तुम्ही काय करताय, तर तोंडात तयार उत्तर आहे: संसद बघेल. संसद बघतेच आहे.

इंदुरात प्रचाराला उतरायचंच असेल तर होळकरांना पुढे करा. गादी सोडलेले तिसरे तुकोजीराव अमेरिकेतल्या सिएटलच्या नॅन्सी मिलरच्या प्रेमात पडले. जात नाही, धर्म नाही, देश नाही. केवढा गहजब! पण मार्ग निघाला. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी शुद्धी केली, नॅन्सीची शर्मिष्ठा झाली, धनगर समाजातल्या एका घराने तिला लेक मानलं आणि मार्च १९२८ मध्ये बडवाह्याला थाटात लग्न लागलं. म्हणजे मनावर घेतलं तर शास्त्राला जागा सापडते, समाजाला आईबाप सापडतात. हा दाखला मी एका सद्‌गृहस्थांना दिला. ते बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, ‘पण त्यात एक तरी महाराजा होता ना!’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडेही नसू द्या.

भोपाळचा दाखला टाळा. १९८७ साली तिथल्या दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींना हार घातले, लग्न केलं, आणि दोघींची नोकरी गेली. त्यांच्यामागे कुठला झेंडा नव्हता, वकिलांची फौज नव्हती. उच्चभ्रू तर त्या कुठूनच नव्हत्या. पण भोपाळ पडलं चार तासांवर. तिथे आपले साडू राहतात. डब्लिनच्या प्रेमाने ज्यांचा गळा दाटला होता, तेच गृहस्थ भोपाळचं नाव निघताच म्हणाले, ‘त्या जरा वेगळ्याच असतील हो.’ पाठिंब्याचं हे असं आहे. किलोमीटर कमी होतात तसा तो आटत जातो.

तरीही आम्ही एकदा सह्या गोळा केल्या. छप्पन दुकानांवर, रविवारी संध्याकाळी. इंदुरी माणूस सहीला नाही म्हणत नाही. तो नाव लिहायला नाही म्हणतो. ‘भिया, साइन तो अपन कर देंगे, नाम मत लिखवाना’ असं म्हणून एकाने इतकी सुंदर, गिरकीदार, कुणालाच न वाचता येणारी सही केली की ती आम्ही अजून नमुना म्हणून दाखवतो.

मराठी वस्तीत प्रश्न वेगळे येतात. धर्म, निसर्ग वगैरे लवकर संपतात. खरी भीती व्यवस्थेची असते. दोन मुलगे असले तर दोन्हीकडे वरपक्ष! मग मानपान कुणी कुणाचा करायचा? कान कोण पिळणार? हॉलचं भाडं कोण देणार? आणि दोघी मुली असल्या तर दोन्हीकडे वधूपक्ष, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी रुसायला घरात कुणीच नाही. रुखवत मांडायचं ते कुणाला दाखवायला? लोक हसतात, पण मला हे आक्षेप सगळ्यात प्रामाणिक वाटतात. अख्खी विवाहसंस्था एका बाजूने वाकण्यावर उभी आहे. दोन्ही बाजू ताठ उभ्या राहिल्या तर केटररशी बोलणार कोण?

आमच्या इमारतीतल्या एक काकू तर मला फारच आदर्श वाटतात. इंदूर उगाच वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं येत नाही. इथे कचरा सहा प्रकारांत वेगळा करावा लागतो: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घातक. बल्बची काच कुठे जाते आणि संपलेला सेल कुठे, हे काकूंना झोपेतून उठवून विचारा. सकाळी गाडी आली की कुणी दोन प्रकार एकत्र केले तर त्या तिसऱ्या मजल्यावरून ओरडतात. सहीचा कागद घेऊन गेलो तेव्हा त्याच म्हणाल्या, ‘हे सगळं ठीक आहे हो, पण माणसांत शेवटी दोनच प्रकार.’

यापुढचा टप्पा आपलं घर. इथे चळवळ आणू नये, चप्पल बाहेरच ठेवावी.

माझी एक पुतणी पुण्यात नोकरी करते. गेली नऊ वर्षं तिच्याबरोबर एक मुलगी राहते, मूळची जबलपूरची. पहिली दोन वर्षं ती रूममेट होती. मग मैत्रीण झाली. दोघींनी मिळून फ्लॅट घेतला तेव्हा मी नातेवाइकांना समजावलं की हल्ली मुलींनी असं एकत्र राहिलेलं सुरक्षिततेच्या दृष्टीने बरं. या सगळ्या बढत्या मीच दिल्या. त्या दोघींनी मला कधी काही विचारलं नाही आणि मी कधी काही विचारलं नाही, असा आमच्या घरात फार मोकळेपणा आहे. मागे एकदा पुतणीच म्हणाली की २०२४ मध्ये सरकारने स्पष्ट केलंय, अशा जोडप्यांना बँकेत जॉइंट खातं उघडता येतं, एकमेकांना नॉमिनी करता येतं, आणि रेशन कार्डापुरतं ते एकच कुटुंब धरायचं. मी म्हटलं, वा, म्हणजे एकत्र जेवायला सरकारची हरकत नाही. ती हसली नाही. बँकेच्या नियमांची तिला इतकी बारीक माहिती कशी, हेही मी विचारलं नाही.

परवा भाद्रपदात महालक्ष्म्यांना दोघी आल्या. आमच्याकडे जेवायला पाच मेहुणं असतात, पूर्वापार. पहाटे पाचपासून दोघी स्वयंपाकघरात. एक पुरण वाटतेय, दुसरी पोळ्या लाटतेय, आणि एकीला उलथनं लागलं की दुसरीचा हात आधीच तिकडे. साडेबाराला उज्जैनच्या मेहुणाचा फोन आला, गाडी बंद पडली, येत नाही. पानं वाढलेली. दोन पाट रिकामे, शेजारी शेजारी. बायकोने पाटांकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

अशा प्रसंगी कार्यकर्त्याने डगमगू नये. मी ताबडतोब शेजारच्या काका-काकूंना फोन केला. त्या दोघांत अकरा वर्षं बोलणं नाही. एकाला मीठ हवं असलं तर तो भिंतीकडे बघून सांगतो, दुसरी भिंतीकडे बघून देते. पण मेहूण आहे. दहा मिनिटांत आले, पाटांवर बसले, मधल्या उदबत्तीच्या दोन बाजूंना दोघांची दोन तोंडं.

पुतणी वाढत होती. मैत्रीण तिच्यामागे तुपाचं भांडं घेऊन.

‘आता तुझं कधी गं?’ काकूंनी विचारलं. ‘की आम्ही असंच दर वर्षी येऊन जेवून जायचं?’

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या उचलला आणि पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला पाणी वाढायला गेलो.

‘काकू, पोळी वाढू?’ मागून तिचा आवाज आला.

‘अर्धीच.’

उरलेली अर्धी मैत्रिणीने काकांच्या पानात वाढली. काका भिंतीकडे बघून म्हणाले, ‘हिला तूप लागेल. अर्ध्या पोळीवरसुद्धा पुष्कळ लागतं.’