सावधान... वधान

परवा म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रोडवर एका लॉनवर केबल टाकत होतो तर एक काका आले, हातात टूथपिकला टोचलेलं पनीर, तोंडात अर्धं पनीर, आणि म्हणाले, "अहो डीजे, तुम्ही वेगळं काय देता?" म्हणलं वेगळं म्हणजे? तर म्हणे, "आमच्या मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नातपण डीजे होता, त्याच्याकडेपण दोन डबे आणि लायटी होत्या, मग तुमचे चार हजार जास्त कशाचे?"

खरं सांगू का, या प्रश्नाचं उत्तर मी चौदा वर्षं शोधतोय.

कारण आता पुण्यात डीजे कोण नाही ते सांगा. गाणी मिक्स करायचा कंट्रोलर हप्त्यावर मिळतो, लॅपटॉप भावाचा, स्पीकर भाड्याचे, नावाआधी डीजे आणि नावाच्या शेवटी एक एक्स लावला की झाला माणूस तयार. तुळशीचं लग्न लागलं की सगळ्यांचा सीझन सुरू, आणि पितृपक्षात सगळेच तपकीर गल्लीत उगाच केबलचे भाव विचारत फिरत असतात आणि एकमेकांना सांगत असतात की यंदा फुल बुकिंगे भाई. मीपण सांगतो.

तर वेगळं दिसायचं म्हणून पहिल्यांदा मी एलईडीचं हेल्मेट घेतलं. परदेशातले डीजे घालतात ना, चेहरा दिसत नाही नुसते दिवे पळतात, तसलं. गाडीवर हेल्मेट घालायचं म्हणलं की ज्याची मान दुखते असा अस्सल पुणेकर मी, मे महिन्यात लॉनवर हेल्मेट घालून उभा. आतनं काही म्हणजे काही दिसेना, आवाज कमी-जास्त करायचा फेडर कुठला आणि पाण्याची बाटली कुठली सगळं चाचपून चाललेलं. एक तीन वर्षांची पोरगी मला बघून जी रडायला लागली ती थांबेचना, शेवटी तिच्या आज्जी येऊन म्हणाल्या, "ते डोक्यावरचं काढा हो, पोरीला उलटी होईल." काढलं. रात्री घरी जाताना ठेवायला जागा नाही म्हणून तेच घालून ॲक्टिव्हावर बसलो, आणि सिंहगड रोडवर प्रत्येक सिग्नलला लोक वळून वळून बघत होते. दिवे चालू राहिले होते म्हणून नाही हां. हेल्मेट घातलंय म्हणून.

मग ठरवलं, दिसायचं सोडा, आवाजात वेगळं करू. पण आवाजाला मामा आडवे येतात. प्रत्येक लग्नात एक मामा असतात, ते बरोबर आठ वाजता येऊन खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "बेस डबल कर रे." आता गणित असंय की ॲम्पची पॉवर डबल केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे मामांना कळेल न कळेल इतकाच, आणि कानाला खरंच डबल वाटायला पाहिजे असेल तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर दहापट, म्हणजे माझ्या दोन हजार वॅटचे वीस हजार, आणि लॉनवाल्याने दिलेला असतो एक प्लग, तोपण कॉफी मशीनबरोबर शेअरिंगमध्ये. एवढं सगळं मी मामांना सांगत बसत नाही. जे बटण कशालाच जोडलेलं नाही ते जरा फिरवतो आणि मामांकडे बघतो. मामा म्हणतात, "हां, आत्ता कसं!" आमच्या धंद्यात यापेक्षा स्मार्ट काम नाही आणि त्याला वीजपण लागत नाही.

बरं आवाज वाढवून जाणार कुठे? ध्वनिप्रदूषणाचे नियम आले २००० साली, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. ५५ म्हणजे किती, तर आमच्या सोसायटीत दोन काका पार्किंगवरून अगदी गोडीत बोलले तरी ६० होतात. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं पण ती सणावाराला, तुमच्या सोनूच्या संगीतला नाही, हे मला दर वेळी नवरीच्या चुलत्याला समजवायला लागतं आणि तो दर वेळी म्हणतो, "माझी ओळख आहे." ओळख असते, फोन लागत नाही.

आणि लोकांचं कसंय, सात वाजल्यापासनं मी गाणी लावतोय, कुणी हलत नाही, सगळे खुर्च्यांवर बसून एकमेकांच्या साड्या बघतायत. साडेनऊ झाले तरी फ्लोअरवर दोन पोरं आणि एक फुगा. ९:५० ला कुणीतरी म्हणतं की अरे दहाला बंद होणार, की लगेच अख्खं खानदान अंगात आल्यासारखं फ्लोअरवर, ज्या आजोबांना दोघांनी धरून गाडीतनं उतरवलं होतं तेपण हात वर करून. दहाला मी बंद केलं की व्हिलन कोण, तर डीजे.

यावर मागच्या सीझनला माझं डोकं चाललं. गाण्याने फ्लोअर भरत नाही, मग केटररला पटवला आणि मस्तानीचा स्टॉल जेवणाकडनं उचलून थेट फ्लोअरच्या शेजारी लावला. आठ वाजता शंभर माणूस माझ्यासमोर रांगेत उभं! रांगेत उभ्या माणसाचा पाय आपोआप हलतो, एकाचा हलला की दुसऱ्याचा हलतो, सव्वाआठला एक काकू हातात ग्लास घेऊनच नाचायला लागल्या. पुण्यात मस्तानीसमोर बेसचं काही चालत नाही. त्या दिवशी दहाला लोक दमून स्वतःच म्हणाले, बास करा आता.

दुसरा ताप म्हणजे फर्माईश. पेपर नॅपकिनवर लिहून आणतात, त्यावर चटणी, गाण्याचं नाव वाचायचं का वास घ्यायचा कळत नाही. काही जण चार टक्के बॅटरीचा मोबाईल पुढे करून म्हणतात, हे यूट्यूबवरनं लावा. एकदाच ऐकलं मी. ऐन हार घालायची वेळ, मंद सनई चाललीये, नवरीने हार उचलला आणि स्पीकरमधनं बाईचा आवाज, "घामाच्या वासाने हैराण आहात?" नवऱ्याने आधी स्वतःकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी पाटी करून आणली. "येथे फर्माईश स्वीकारली जाते. लावली जाईलच असे नाही. ओळख सांगू नये. मोबाईल पुढे करू नये. नवरा-नवरीनेही एकदाच सांगावे." गंमत म्हणजे लोक हेल्मेटला हसले नव्हते पण पाटीसमोर सेल्फी काढतात. मी फोटोत आलो तर म्हणतात, जरा बाजूला होता का?

असो. खरा किस्सा पुढेच आहे.

मोठा लॉन, दुपारचं लग्न. मोठ्या लॉनची बोंब काय, पुढे मानाच्या सोफ्यावर आजी-आजोबा बरोबर स्पीकरच्या तोंडाशी, त्यांचे दोन्ही हात कानावर, आणि मागच्यांना काहीच ऐकू येत नाही, कारण उघड्यावर अंतर डबल झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. मी म्हणलं यंदा स्मार्ट काम करायचं, पुढचे स्पीकर बारीक आणि मागच्या टोकाला दोन छोटे टॉप, म्हणजे लहान स्पीकर. हेल्परला सांगितलं मागे लाव. त्याने लावले, पण तोंड स्टेजकडे करून. मीपण बघितलं नाही, कारण तेव्हा मी कॉफी मशीनवाल्याशी प्लगवरून भांडत होतो.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि लॉन होता ३४ मीटर, म्हणजे मागचा आवाज स्टेजवर पोचायला सेकंदाचा दहावा भाग. दहावा भाग म्हणजे काय एवढं, असं मलापण वाटायचं. पण माणसाला स्वतःचाच आवाज जरासा उशिरा ऐकू आला की जीभ अडखळते, फोनवर कधी झालं असेल तर आठवून बघा. इथे माईकवर मंगलाष्टकं म्हणायला मावशी, गाण्याच्या परीक्षा दिलेल्या, वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीला १९ अक्षरं. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीला त्यांना वाटलं मागनं कोणीतरी बरोबर म्हणतंय, म्हणून त्या त्याच्यासाठी जरा थांबल्या. तोपण थांबला. त्या अजून हळू झाल्या. तोपण. मुहूर्त १२:४१ चा, गुरुजी घड्याळ बघतायत, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात थरथरायला लागले, आणि मावशी एकेक अक्षर पायरी उतरल्यासारखं उतरतायत.

मग आलं "सावधान". आणि लगेच मागनं "...वधान". पुढच्यांनी पहिल्याला अक्षता टाकल्या, मागच्यांनी दुसऱ्याला, आणि ज्यांच्या मुठीत उरल्या होत्या त्यांनी दोन्हीला. दोनदा सावधान झालं म्हणजे लग्न लागलं असं समजून मी वाजंत्रीचा ट्रॅक दाबला. गुरुजी माईकवर ओरडले, "अजून तीन आहेत हो!" तेपण दोनदा ऐकू आलं.

नंतर टॉप फिरवले आणि मिक्सरच्या ॲपमध्ये मागच्या आउटपुटला १०० मिलिसेकंद डिले टाकला, म्हणजे पुढचा आवाज मागे पोचेपर्यंत मागचे स्पीकर तेवढे थांबतात. दहा सेकंदाचं काम, सकाळी करायला पाहिजे होतं. मावशी पुढे दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, फक्त जेवताना लांबनं बघत होत्या.

आठवड्याने एका अनोळखी नंबरवरनं फोन आला. "ते दोनदा सावधानवाले डीजे तुम्हीच का?" म्हणलं आता हे व्हॉट्सॲपवर फिरलं, गेला धंदा. हळूच म्हणलं, हो, मीच. तर ते म्हणाले, "आमच्याकडे डिसेंबरात कार्यय, तसंच दोनदा करता येईल का? आमच्या फोटोग्राफरचा पहिला शॉट हुकतो."

म्हणलं होईल की. डिलेचे चार हजार वेगळे.