काही हालचाल?

काल शाळेत मॅडमनी लेकीच्या कुंडीतली कोथिंबीर सहज उचलली, तर अख्खी जुडीच हातात आली. रबरासकट. "पालकांनी लुडबुड केलेली दिसतेय," त्या म्हणाल्या. वर्गभर पालकांच्या देखत!

तिसरीचा प्रकल्प, 'बी ते रोप'. पेरायचं मुलांनी, निरीक्षण मुलांनी. कुंडी आणि माती मात्र बापाने विकत आणायची. डब्यातले धणे पेरले. चौथ्या दिवसापासून दुसऱ्या मजल्यावरचे काका पेशंटला भेटायला आल्यासारखे दारात उभे राहू लागले.

"काही हालचाल?"

"नाही."

"पाणी?"

"रोज तांब्याभर."

"बुडवलंत." त्यांनी मातीत बोट खुपसलं. "धणे रगडले होते?"

"रगडले म्हणजे?"

काका खाली बसले. त्यांचे गुडघे दुखतात. ते बसले म्हणजे प्रकरण गंभीर. "अहो, एका धण्यात दोन बिया असतात. चपलेखाली हलके रगडून फोडायचे, रात्रभर भिजवायचे. तुम्ही सबंध पेरलेत? बी.कॉम. ना तुम्ही?"

"इंजिनीअर."

"तेच ते. मेथी लावायचीत, तीन-चार दिवसांत वर येते. धण्याला आठ-दहा दिवस, कधी जास्तच."

"आधी सांगायचं ना!"

"विचारलंत कुठे?"

मुदत दहा दिवसांची. गॅदरिंगच्या नाचाला महिनाभर तालीम चालते, बी मात्र दहा दिवसांत पानांसकट हजर पाहिजे. आणि मुलांना निसर्ग दाखवायचाच होता तर शाळेच्या आवारात चिंच होती की! गेल्या मे महिन्यात तोडली. आता तिथे पेव्हर ब्लॉक आणि स्कूल बस. चिंचेखाली पोरं मातीत खेळायची, फुकट. मी कुंडीभर मातीचे ऐंशी रुपये मोजले. असो.

नवव्या रात्री मी भाजीवालीकडून मुळांसकट जुडी आणून कुंडीत खोचली. सकाळपर्यंत तिने मान टाकली होती. पुढचं वर सांगितलंच आहे.

मग मॅडमनी लेकीची वही उघडून माझ्यासमोर धरली.

"दिवस ३. काही नाही. दिवस ५. बाबांनी उकरून बघितलं. दिवस ६. परत उकरलं. काका ओरडले. दिवस ९. बाबांनी बाजारातून रोप आणलं. कोणाला सांगू नको म्हणाले."

खाली लाल शाईत शेरा : निरीक्षण उत्तम.

रोपाला 'क'. मी सही केली, कुंडी काखेत मारली आणि घरी आलो. जिन्यात काका उभेच होते.

"काही हालचाल?"