पुडीचं वजन कसलं करता, पोराचं वय बघा

"काय मामा, भाचा दिसत नाही हल्ली?"

संध्याकाळी दूध आणायला गेलो तेव्हा टपरीवाल्याने विचारलं. हसून, चुन्याच्या डबीचं झाकण लावत. मी काहीच बोललो नाही. घरी आलो आणि तासभर नुसता धुमसतोय. म्हणून ही लांबलचक पोस्ट. कंटाळा येईल त्यांनी पुढे सरका.

भाचा नववीत होता तेव्हाची गोष्ट. धाकटीला कोनमापक हवा होता म्हणून ताईने त्याची कंपासपेटी उघडली. करकटकाखाली पेपरच्या कागदात बांधलेल्या सहा पुड्या. गांजा. ताईचा फोन आला तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं, नुसतं "तू ये, तू ये" चाललं होतं.

रात्री दोन वाजता पोराने सगळं सांगितलं. क्लास सुटला की चौघं टपरीवर जायचे. पहिले झुरके फुकट. मग उधारी. उधारी साडेचारशेवर गेली तेव्हा हा गृहस्थ म्हणाला, "पैसे राहू दे, एवढ्या पुड्या क्लासमधल्या मोठ्या पोरांना नेऊन दे." म्हणजे चौदा वर्षांचं पोर गिऱ्हाईकही तेच आणि हमालही तेच.

दुसऱ्या दिवशी मी आणि दाजी पोलीस स्टेशनला गेलो. तिथल्या साहेबांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माल किती?" असेल तीस-चाळीस ग्रॅम. "एक किलोपर्यंत स्मॉल क्वांटिटी धरतात. एक वर्षापर्यंत शिक्षा, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड. तोही सिद्ध झालं तर. आणि माल सापडलाय कुणाकडे? तुमच्याच पोराकडे."

दाजी खुर्चीतून उठलेच. आम्ही तक्रार न देता परत आलो.

साहेब खोटं बोलत नव्हते, हीच तर चीड आहे. वजनकाटा अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे. एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेची, दोन ग्रॅमपर्यंतची पुडीसुद्धा 'अल्प'च, म्हणजे स्मॉल क्वांटिटीच. हे धंदेवाल्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, तो खिशात जास्त ठेवतच नाही. अल्पवयीन पोरं गुंतलेली असली किंवा शाळेजवळ विकलं तर शिक्षा वाढवायचं कलम आहे म्हणे. पण ते जिथे किमान शिक्षा ठरलेली आहे तिथेच लागतं. छोट्या पुडीला किमान शिक्षाच नाही! वाढवणार काय?

बाल न्याय कायद्यात मुलांना नशा देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत आहे. मुलांकरवी माल पोचवणाऱ्यालाही तेवढीच. छान. पण २०२१ च्या दुरुस्तीत तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचे तिथले गुन्हे अदखलपात्र करून टाकले. म्हणजे एकट्या त्या कलमावर पोलिसांना कोर्टाला विचारल्याशिवाय तपासही करता येत नाही. घरासमोरची मोटारसायकल गेली तर थेट गुन्हा, आणि घरातलं पोर गेलं तर आधी मॅजिस्ट्रेट. कुणी बसून केलं हे?

हो, कायदा कडक केला की टपऱ्या ओस पडतील असं नाही, एवढं मलाही कळतं. मोठ्या मालाला वीस वर्षांपर्यंतची शिक्षा कागदावर असताना आपल्या नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा कारखाना चाललाच होता, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या पोलिसांनी येऊन तो पकडला. पण टपरीवाला कारखानदार नाही. तो रोजचा हिशोब करणारा माणूस आहे. दहा हजार दंड त्याच्या हिशोबात बसतो. दहा वर्षं बसणार नाहीत.

माझी मागणी एवढीच: अठराच्या आतल्या पोराला विकलं ना, मग तिथे वजन बघूच नका. पाच ग्रॅम असो नाहीतर पाच किलो, किमान दहा वर्षं. गुन्हा दखलपात्र. आणि ज्या पोराच्या दप्तरात माल सापडला तो साक्षीदार, आरोपी नाही. हे शेवटचं कायद्यात स्पष्ट लिहिलेलं असतं तर दाजी उठले नसते. मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, तुरुंगात नाही, हेही आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आम्हाला फक्त दहावीचा फॉर्म आणि चारित्र्याचा दाखला दिसत होता.

घरच्यांचं लक्ष नको का, असं कुणीतरी खाली लिहिणारच. हवं होतं. ताई गेली तीन वर्षं स्वतःला तेच सुनावते आहे, तुम्ही आणखी भर घालू नका.

भाचा आता बारावीला आहे. बरा आहे, खरंच बरा आहे. फक्त त्या रस्त्याने जात नाही, मागच्या गल्लीतून लांबचा वळसा घालून क्लासला जातो. त्याने तोंड लपवून फिरायचं आणि याने टपरीत नवा फ्रीज आणून मला ख्यालीखुशाली विचारायची!

आत्ताच ताईचा फोन येऊन गेला. "पोस्ट टाकतोयस ना? पोराचं नाव नाही ना लिहिलंस?" नाही लिहिलं, ताई. त्याचंही नाही लिहिलं. उद्या सकाळी परत तिथूनच दूध आणायचंय.